ओव्याचं फूल, तुळशीचा काढा आणि मधमाशीची आठवण

वाचकांचे प्रश्न : पेटीजवळून

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकच विचारतात : माश्यांना काय पाजू? म्हणून पेट्यांचं स्थलांतर आणि वसाहतीचं विभाजन हे विषय पुढच्या अंकावर टाकले आणि चारच पत्रं घेतली. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे. राहुरीच्या या मधपाळावर जी वेळ आली, तीच आणखी तिघांवर आल्याचं त्यांच्या फोनवरून कळलं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे मेलिफेराच्या (युरोपी मधमाशीच्या) ४० पेट्या आहेत. कांद्याच्या डोंगळ्यांवर (बियाण्यासाठी फुलवलेल्या कांद्यावर) आणि डाळिंबावर भाड्याने लावतो. यंदा एका विक्रेत्याने ‘हर्बल टॉनिक’ दिलं. बाटलीवर तुळस, ओवा, लवंग, पुदिना यांचे अर्क लिहिलेत, प्रमाण कुठेच नाही. ‘माश्यांची स्मरणशक्ती आणि प्रतिकारशक्ती वाढते, त्या शेत विसरत नाहीत’ असं तो म्हणाला. साखरेच्या पाकात बुचाबुचाने घालून २० पेट्यांना दिलं. चौथ्या दिवसापासून दुपारी माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. पाक भांड्यात तसाच राहतो. डोंगळ्यावर माशी कमी झाली म्हणून शेतकरी कुरकुर करतोय. झाडपाल्याचंच औषध आहे, मग बाधेल कसं?
— एक मधपाळ, ता. राहुरी

उत्तर : दादा, पुढचं वाचण्याआधी विसाच्या वीस पेट्यांतली पाकाची भांडी बाहेर काढा. उरलेला पाक पेट्यांपासून लांब खड्ड्यात ओतून माती लोटा. भांडी गरम पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा, वास जाईपर्यंत पुन्हा वापरू नका. पेटीच्या वरच्या झाकणाखाली काडीएवढी फट ठेवा, म्हणजे आतला वास निघून जाईल. माश्या दोन-तीन दिवसांत आत जायला लागतील.

आता तुमचा प्रश्न, ‘बाधेल कसं’. माझी आई घरी अमृतधारा करायची. भीमसेनी कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल, तिन्ही सारखे घेऊन काचेच्या बाटलीत घातले की बघता बघता त्याचं पाणी व्हायचं. पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. तिसरा थेंब ती कधी पडू द्यायची नाही. त्यातलं ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. ओव्याच्या तेलात ते भरपूर असतं. बाटलीवर ‘ओवा’ लिहिलं असलं, तरी आत ओव्याचा दाणा नसतो, त्याचा घट्ट केलेला अर्क असतो, आणि बूचभर अर्कात ओव्याचे किती दाणे आटवलेले असतात ते विक्रेत्यालाही माहीत नसतं.

ओव्याच्या झाडाने हे रसायन आपल्या पोटदुखीसाठी केलेलं नाही. त्याला खायला येणाऱ्या किड्यांना आणि बुरशीला लांब ठेवण्यासाठी केलं आहे. मधमाशी हाही किडाच. आपण लाखो पटीने जड देहाचे, म्हणून आपल्याला ओवा पाचक वाटतो. जे रसायन किड्याच्या मज्जातंतूंवर बसतं, ते माशीच्या मज्जातंतूंना ओळख दाखवून सोडून देत नाही.

मेलिफेरा पाळणाऱ्यांच्या हातात थायमॉल आलं ते टॉनिक म्हणून नव्हे. माशीच्या अंगावर आणि पिलावात (अंडी-अळ्यांच्या पोळ्यात) वाढणाऱ्या व्हरोआ या गोचिडीसारख्या बारीक जिवाला, म्हणजे माइटला, मारायला ते आलं. युरोपात त्याचा जेल आणि वड्या मिळतात, त्या पेटीत ठेवतात, वास पसरतो आणि माइट पडतात. हा उपाय खरा आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याला नियम आहेत. मधाचा हंगाम संपल्यावर, मधकोठी (पेटीतला मधाचा वरचा कप्पा) काढून, ठरलेल्या वजनात आणि हवामान बघून तो करतात. थायमॉल उडून जाणारं रसायन आहे. ऊन जितकं कडक, तितका त्याचा वास पेटीत एकदम भरतो. तुमच्याकडे फेब्रुवारीच्या दुपारीही ऊन तापतं. पेटीत बसवेना म्हणून माश्या बाहेर लोंबल्या. पाक उरला तोही याचसाठी. दोन दिवस भांडं भरलेलं राहिलं, तर माश्यांनी तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे.

आता आठवणीकडे येते, कारण विक्रेत्याने तीच विकली. कामकरी माशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात, आणि तो मेंदू मोहरीच्या दाण्याहून लहान. एवढ्याशा मेंदूत ती फुलाचा वास, रंग, ते कोणत्या वेळी रस देतं, पेटीपासून कोणत्या दिशेला आणि किती लांब, हे सगळं ठेवते. वासाची आणि साखरेची जोडी जमते तेव्हा तिच्या मेंदूत ऑक्टोपामिन नावाचं रसायन ‘मिळालं, मिळालं’ असा निरोप पोचवतं. थायमॉल किड्यांमध्ये हा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, आणि चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबाच्या ग्राहींवर बसतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशीच्या अंगावर नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकं थोडं थायमॉल लावलं. त्या माश्यांना दुसऱ्या दिवशी शिकलेला वास दुसऱ्या वासापासून नीट वेगळा ओळखता येईना, आणि मेंदूतल्या ऑक्टोपामिनच्या एका ग्राहीच्या जनुकाचं कामही मंदावलेलं दिसलं. माशी मेली नाही. चालत होती, खात होती. फक्त शिकलेलं सुटायला लागलं.

ही गोष्ट मधपाळाच्या नजरेतून सहज निसटते. मेलेली माशी तळपाटावर दिसते, वाट चुकलेली माशी कुठेच दिसत नाही. कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते. पहिले तीन आठवडे पेटीतली कामं, मग उरलेले दोन-तीन आठवडे बाहेर. एवढ्यात ती आठवडाभर भरकटली, तर तिच्या कमाईच्या दिवसांतला निदान तिसरा हिस्सा गेला. फ्रान्समध्येच २०१२ साली शेतातल्या कीटकनाशकाचं असं मोजमाप झालं. थायामेथोक्झामची मरणार नाही इतकी मात्रा देऊन, पाठीवर बारीक चिप चिकटवून माश्या लांब नेऊन सोडल्या. बऱ्याच जणी घरी पोचल्याच नाहीत. ते रसायन कारखान्यातलं होतं आणि ओवा शेतातला आहे, हा फरक माणसाच्या मनातला. माशीच्या बाजूने प्रश्न एवढाच : किती आणि कशात.

आणि डोंगळ्याबद्दल. माशी कांद्याचं शेत विसरते, हे निदानच चुकलंय. कांद्याच्या फुलातल्या मधुरसात पोटॅशियम फार असतं आणि तो उन्हाने लवकर घट्ट होतो. माशीला तो आवडत नाही. शेजारी मोहरी, कोथिंबीर किंवा सूर्यफूल फुलावर आलं की ती तिकडे वळते, कारण तिला दोन्ही चवी नीट आठवतात. तिची आठवण खरंच दुप्पट झाली, तर ती कांद्यावर आणखी कमी बसेल! डोंगळ्यासाठी उपाय वेगळा आहे : पेट्या पहिल्या दिवशी नेऊ नका. साधारण दहा टक्के फुलं उमलल्यावर रात्रीतून न्या, म्हणजे सकाळी बाहेर पडणाऱ्या माशीला पहिलं फूल कांद्याचंच भेटेल. आणि फुलोरा चालू असताना पाक देऊ नका. घरात पानात वाढलेलं असेल तर माशी खारट मधुरसाकडे कशाला जाईल?

तुम्हाला टॉनिक पारखायचंच असेल तर पुढच्या वर्षी असं करा. सारख्या ताकदीच्या दहा पेट्या निवडा. पाचांना साधा पाक, पाचांना टॉनिकचा, कोणती कोणती ते वहीत लिहा आणि सकाळी मोजणाऱ्या माणसाला सांगू नका. सकाळी आठ वाजता प्रत्येक दारापाशी पाच मिनिटं बसायचं आणि मागच्या पायांवर परागाचा गोळा घेऊन आलेल्या माश्या मोजायच्या. रोज. अंडं घातल्यापासून कामकरी माशी तयार होऊन बाहेर यायला २१ दिवस लागतात, म्हणून अशा दोन पिढ्या, म्हणजे ४२ दिवस मोजा. मधेच एकदा दोन्ही गटांतल्या वीस-वीस कमाऊ माश्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका देऊन त्या अर्धा किलोमीटरवर सोडा आणि तासाभरात किती परतल्या ते बघा. विक्रेत्याकडे या मोजणीची वही असेल तर ती मागा. माझ्याकडे आलेल्या एकाही बाटलीसोबत अशी वही नव्हती.

तरीही झाडांतली रसायनं माशीला नेहमी वाईटच, असं मी म्हटल्याचं कुणाला सांगू नका. तसं ते नाही, आणि याच ठिकाणी मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. परागाच्या कवचात पी-कुमॅरिक आम्ल नावाचं द्रव्य असतं, मधातही असतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २०१३ साली दिसलं की हे द्रव्य पोटात गेलं की माशीची विष पचवणारी आणि रोगाशी लढणारी जनुकं जागी होतात. नुसत्या साखरेवर ठेवलेल्या माशीत ती तितकी जागी होत नाहीत. २०१४ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नोसेमा या आतड्याच्या रोगाची बाधा झालेल्या माश्यांपुढे निरनिराळे मध ठेवले, तर त्यांनी जंतूंना जास्त मारणारा सूर्यफुलाचा मध अधिक पसंत केला. म्हणजे औषध निवडण्याची समज माशीला आहे. त्यासाठी तिच्यासमोर निवडायला काही हवं. तिच्या अंगणात चार प्रकारची फुलं असली, तर मात्रा तीच ठरवते. आपण बुचाने ओततो तेव्हा तिची निवड काढून घेतो. कडवट पाक सोडून जायला दुसरीकडे काहीच नसेल, तर ती तोच पिते.

डाळिंबाच्या बागेच्या बांधावर तुळस, सब्जा, झेंडू, शेवगा आणि वर्षभर आलटून पालटून फुलणारं काहीही लावा. भाड्याने पेट्या लावणाऱ्याने बागाईतदाराकडे हे मागावं. पेटीमागे भाडं ठरवतानाच मागावं.

प्रश्न : मावशी, माझ्याकडे सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) सहा पेट्या आहेत, भोर तालुक्यात, डोंगराच्या पोटाला. पावसाळ्यात दोन पेट्यांत अळ्या मरायला लागल्या. अळी पिशवीसारखी होते, चिमट्याने उचलली तर आत पाणी. गावातल्या एकाने सांगितलं, गुळाच्या पाकात तुळस-हळदीचा काढा दे, लिंबू पिळ. देऊ का?
— एक वाचक, ता. भोर

उत्तर : नको रे बाळा, काढा देऊ नकोस. आणि मेलेल्या अळ्या उचललेला तो चिमटा दुसऱ्या पेटीत घालू नकोस.

तू जे लिहिलं आहेस ते थाय सॅकब्रूडसारखं दिसतं. हा विषाणू आहे. अळी कोषात जायच्या आधीच मरते, डोकं वर उचललेल्या होडीसारखी, आणि तिची कातडी पाण्याने भरलेली पिशवी होते. १९९१-९२ मध्ये याच रोगाने दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींची दाणादाण उडवली, पिढ्यानपिढ्या मध काढणाऱ्यांची घरं रिकामी झाली. तुळशीच्या काढ्याने हा विषाणू जात नाही. तेव्हा जे सावरलं ते तग धरलेल्या वसाहतींच्या वाणावर. तू हेच कर : ज्या चार पेट्या निरोगी आहेत त्यांतली सगळ्यांत ताकदीची कोणती ते बघ, आजारी पेटीतली राणी काढून अंडी काही दिवस थांबव, म्हणजे विषाणूला नवी अळी मिळणार नाही, आणि मग निरोगी पेटीतून वाढवलेली राणी दे. फार खराब झालेली पोळी जाळून टाक. मनाला लागतं, मला माहीत आहे.

गूळ अजिबात नाही. गुळातली क्षारं आणि न पचणारा मळ माशीच्या आतड्यात साठतो. पावसामुळे तिला बाहेर उडून पोट रिकामं करता येत नाही, मग ती पेटीतच हगते, आणि तिथून सगळ्यांना लागतं. पिवळे डाग उड्डाणफळीवर दिसायला लागले की समज. लिंबूही नको. आंबट घालून साखर उकळली की त्यात हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरल तयार होतं, ते माशीला विष आहे. साखर उकळायचीच नसते. पाणी उकळून उतरवायचं, कोमट झालं की तेवढ्याच वजनाची पांढरी साखर ढवळून विरघळवायची. सातेरीच्या एका वसाहतीला पावसाळ्यात आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर पुरते. तिन्हीसांजेला द्यायची, पेटीच्या आतच, आणि भांड्यात काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडतात.

हळदीचं म्हणशील तर पोलंडच्या संशोधकांना २०१५ मध्ये कुरकुमिन खाल्लेल्या माश्या पिंजऱ्यात जास्त जगताना दिसल्या. खरी गोष्ट आहे. पण कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. तू डब्यातली हळद पाकात टाकलीस तर ती तळाला गाळासारखी बसेल, दुसऱ्या दिवशी पाक आंबेल आणि माशीच्या पोटात कुरकुमिन जवळजवळ जाणारच नाही.

सातेरीसाठी मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते अनुभवाने शिकले आहे. मेलिफेरासाठी लिहिलेलं औषध सातेरीला लावू नये. व्हरोआ हा मुळात सातेरीच्याच जातीवर जगणारा माइट. ती त्याच्यासोबत हजारो वर्षं राहिली आहे, अंग झाडते, एकमेकींच्या पाठीवरून माइट काढून टाकते, आणि तिच्यात तो मुख्यतः नरांच्याच पिलावात वाढतो. तिला थायमॉलची गरज क्वचितच पडते. आणि मेलिफेरा जे मुकाट सोसते ते सातेरी सोसत नाही. जावळीच्या खोऱ्यात नवी नवी पेट्या ठेवायला लागले तेव्हा एका पेटीत मेणकिडा दिसला. कुणीतरी सांगितलं म्हणून आईच्या अमृतधारेतल्या ओव्याच्या फुलाची चिमूट तळपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी उड्डाणफळीवर दाटीवाटी झाली, राणी त्यातच. दहा मिनिटांत सगळा घोळका हिरड्याच्या फांदीवर, तिथून ओढ्यापलीकडे. पेटीत पिलावाची तीन पोळी टाकून गेल्या. झाकलेल्या कोषांतून पुढचे आठवडाभर कोवळ्या, भुरकट माश्या बाहेर पडत होत्या आणि त्यांना भरवायला कुणी नव्हतं. मी त्यांना कापसावर पाक दिला. त्या जगल्या नाहीत. तेव्हापासून तुझ्यासारखं कुणी विचारलं की मी आधी त्या पोळ्यांवरच्या माश्या डोळ्यांसमोर आणते.

मेणकिड्याला उपाय ताकदीची वसाहत, झाडलेलं तळपाट आणि रिकामी पोळी वेळेवर काढणं, एवढाच आहे.

प्रश्न : मी मूळची बेळगावची, लग्नानंतर मडिकेरीजवळ राहते. आमच्या कॉफीच्या मळ्यात मार्च-एप्रिलच्या पहिल्या पावसानंतर फुलोरा येतो, दोन-तीन दिवस सगळा डोंगर पांढरा. माझ्या मुलीने शाळेत ऐकलं की कॉफीमुळे मधमाशीची आठवण वाढते. हे खरं आहे का? आणि माशीला आठवण आहे हे कळतं तरी कसं? पेट्यांना पाकातून कॉफी द्यावी का?
— एक वाचक, मडिकेरी

उत्तर : मुलीला सांगा, तिने बरोबर ऐकलंय. कॉफीच्या आणि संत्र्या-मोसंबीच्या कुळातल्या फुलांच्या मधुरसात कॅफिन असतं, पण कडू लागणार नाही इतकं थोडं. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की साखरेसोबत एवढंसं कॅफिन मिळालेल्या माश्यांपैकी दुसऱ्या दिवशी वास आठवणाऱ्या माश्या नुसती साखर मिळालेल्यांपेक्षा तिप्पट होत्या.

कसं कळतं, ते तुम्ही घरी पाहू शकता. मुलीला मदतीला घ्या. पेटीच्या दारातून दोन माश्या काचेच्या नळीत घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, त्या गपगार पडतात, मरत नाहीत. प्लॅस्टिकच्या जाड स्ट्रॉचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, माशी त्यात सरकवा, डोकं बाहेर, मानेमागे चिकटपट्टीची बारीक चिंधी. जागी झाली की दात कोरायची काडी साखरपाण्यात बुडवून तिच्या मिशांना टेकवा. तपकिरी, केसाळ जीभ सरकन पुढे येते आणि काडी चाटायला लागते. पाहिलं की अंगावर काटा येतो. मग गवती चहाचं चुरगळलेलं पान तिच्यासमोर धरा, लगेच साखर द्या. दहा मिनिटं थांबून पुन्हा. तीन वेळा. चौथ्या वेळी नुसतं पान धरा, साखर नाही. जीभ बाहेर आली तर ती शिकली. प्रयोगशाळेत आठवण मोजतात ती याच जिभेवरून. झालं की चिंधी काढा आणि तिला पेटीच्या दारावर सोडा.

(गवती चहा मुद्दाम सांगते. त्याच्या वासातले काही घटक माशी पोटाच्या टोकाकडून सोडते त्या ‘इकडे या’ च्या वासासारखेच आहेत. म्हणून उडालेल्या थव्याला रिकाम्या पेटीत बोलवायला आमच्याकडे पेटीच्या आतून गवती चहा चोळतात. या उपायावर माझा विश्वास आहे. तो बाहेरून लावायचा वास आहे, पाजायचा नाही.)

आता ‘पाकातून कॉफी द्यावी का’. नाही. कॅफिन कॉफीच्या झाडाने स्वतःसाठी केलं आहे. माशीने परत यावं, पराग न्यावा. रोबस्टा जातीच्या कॉफीला तर दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच, स्वतःच्या परागाने तिची फळं धरत नाहीत. म्हणून आठवण वाढणं हे झाडाच्या फायद्याचं. माशीच्या फायद्याचं आहेच असं नाही. २०१५ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅफिन घातलेला आणि न घातलेला पाक शेतात ठेवून बघितलं. कॅफिन प्यालेल्या माश्या जास्त फेऱ्या मारत, पेटीत येऊन जास्त नाच करत, बाकीच्यांना तिकडेच पाठवत. भांडं रिकामं झाल्यावरसुद्धा तिथेच घिरट्या घालत राहत. एवढा जोर लावून पेटीत मध वाढेलच असं नाही, कमीही होऊ शकतो. राहुरीच्या पत्रातला विक्रेता ‘स्मरणशक्ती वाढते’ म्हणाला होता ना, तिथे मला हेच विचारायचं होतं : कशाची आठवण, आणि कुणाच्या भल्यासाठी?

तुमच्या मळ्यात आग्या माशी आणि सातेरी दोघी येत असतील. फुलोऱ्याच्या त्या तीन दिवसांत फवारणी करू नका, मजुरांना सांगून ठेवा, आणि सावलीची जुनी झाडं ठेवा. आग्याची पोळी त्यांच्याच उंच फांद्यांना लागतात. तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न : निंबोळी तेल पेटीत फवारलं तर चालेल का? रासायनिक काही वापरायचं नाही असं ठरवलं आहे.
— एक वाचक, ता. दापोली

उत्तर : नाही. तुमचा निर्धार चांगला आहे, पण निंबोळी तेलही रसायनांचंच बनलेलं आहे, आणि त्यातलं अॅझाडिरॅक्टिन अळीची वाढ थांबवणारं आहे. मेलिफेरावर कॅनडात केलेले प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. फवारणीने माइट भरपूर मेले, पण त्याच पेट्यांत पिलाव घटला आणि काही राण्या गेल्या. बागेत निंबोळी अर्क मारायचा असेल तर सूर्यास्तानंतर मारा, फुलावर नको.

माश्या का मरतायत हे कळत नसेल तर फवारणी करण्याआधी आत बघा. नुकती मेलेली एक माशी घ्या, पोटाच्या शेवटच्या वळ्याला चिमट्याने धरून हळू ओढा. आतडं दोऱ्यासारखं बाहेर येतं. निरोगी माशीचं तांबूस तपकिरी आणि वळी वळी असलेलं असतं. नोसेमात ते बऱ्याचदा फुगलेलं, दुधी, वळी पुसल्यासारखं दिसतं, पण आपल्याकडे जो नोसेमा जास्त आहे त्यात खुणा अंधूक असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघून घ्यावेत. पुण्यात गणेशखिंडीला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. तीस-चाळीस माश्या काड्यापेटीत किंवा कागदी पाकिटात घालून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्या घामेजतात, सडतात आणि मग काहीच दिसत नाही. पाकिटावर तारीख, पेटी सातेरीची की मेलिफेराची, शेजारी कोणतं पीक, आणि मागच्या पंधरा दिवसांत पेटीत काय काय घातलं ते लिहा. काढाही लिहा, टॉनिकही लिहा. लोक नेमकं तेवढंच लिहायचं राहू देतात.